वाट, चाक आणि पाणी

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

वळणाच्या पलीकडून आधी खड्यांचा आवाज आला, मग ब्रेकची करकर, आणि आम्हाला काही कळायच्या आत एक सायकल आमच्यापासून हातभर अंतरावर आडवी होऊन थांबली. आमची ही दचकून मागे सरली ती थेट उतारावर बसलीच. मनगट खरचटले, बाकी काही झाले नाही. सायकलवाला चाळिशीचा, शिरस्त्राण घातलेला, चिखलाने माखलेला. त्याने दहा वेळा माफी मागितली, पाण्याची बाटली पुढे केली. मी मात्र मराठीतून जे बोलायचे ते बोलून घेतले. त्याला ते कळले नाही, पण माझा चेहरा कळला असावा.

पंचाईत पुढेच होती. घरी येऊन मी हा प्रसंग तावातावाने सांगितला तेव्हा जावई खाली मान घालून जेवत होते. कारण दर शनिवारी सकाळी तेसुद्धा तशीच सायकल घेऊन त्याच डोंगरावर जात, हे मी रागाच्या भरात विसरलो होतो.

२०२५ सालच्या जानेवारीपासून आम्ही दोघे सहा महिने मुलीकडे होतो. कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेट पूल ओलांडून उत्तरेला साधारण वीस मैलांवर फेअरफॅक्स नावाचे गाव आहे. लोकसंख्या साडेसात हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडचे मध्यम बाजारगाव. एक मुख्य रस्ता, चार हॉटेले, आणि गाव संपते न संपते तोच डोंगर सुरू. या डोंगररांगेचे मुख्य शिखर म्हणजे माउंट तामालपायस. तिथले लोक त्याला लाडाने ‘टॅम’ म्हणतात. उंची २,५७१ फूट, म्हणजे जवळजवळ आपल्या माथेरानइतकीच. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला ती उंची काही फार वाटत नाही. पण आज जगभर जिला ‘माउंटन बाइक’ म्हणतात ती डोंगरी सायकल ज्या उतारांवर जन्मली आणि वाढली, ते हेच उतार. आणि याच डोंगरावर गेली चाळीस वर्षे भांडण चालू आहे, ते असे की चिंचोळ्या पायवाटांवर सायकलने जायचे की नाही.

या भांडणात मी कोणत्या बाजूचा, हे वेगळे सांगायला नको. माझी सगळी नोकरी मृद्संधारणाच्या कामात गेली. माण-खटावच्या उघड्या टेकड्यांवर समपातळी चर खणून घेणे, बांध घालून घेणे, माती धरून ठेवणे हेच आयुष्यभर केले. डोंगराची माती उकरणारी कोणतीही वस्तू माझी शत्रू. सायकलचे दातेरी रबरी चाक पाहिले आणि मी मनातल्या मनात निकाल देऊन टाकला. तो निकाल अर्धाच बरोबर होता, हे सांगण्यासाठी आजचा हा प्रपंच.

आधी डोंगराची ओळख करून घेऊ. १८९६ साली या डोंगरावर एक छोटी आगगाडी सुरू झाली. दक्षिण पायथ्याच्या मिल व्हॅली या गावातून ती माथ्याजवळ जाई. सुमारे आठ मैलांत २८१ वळणे. तिची जाहिरातच ‘जगातला सर्वांत वाकडा लोहमार्ग’ अशी होती. आपली नेरळ-माथेरान गाडी १९०७ सालची, म्हणजे ही तिची थोरली बहीण म्हणायची. दोघींचे दुखणे एकच होते. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरते, त्यामुळे चढ सौम्यच ठेवावा लागतो. माथेरानला तो जास्तीत जास्त विसात एक, म्हणजे ५ टक्के. टॅमवर ७ टक्के. चढ सौम्य ठेवायचा तर वाट लांबवावी लागते, आणि वाट लांबवायची तर वळणे घ्यावी लागतात.

त्या गाडीची एक गंमत अशी की, उतरताना काही डब्यांना इंजिनच नसे. एक ब्रेकवाला पुढे बसे आणि तीसेक प्रवाशांचा डबा नुसत्या उताराच्या जोरावर सावकाश खाली येई. म्हणजे या डोंगरावरून चाकांवर बसून घरंगळत येण्याची हौस सायकलीच्या फार आधीची आहे. १९३० साली लोहमार्ग बंद झाला, रूळ उखडले, पण कापून काढलेली वाट राहिली. आज त्या वाटेवरून माणसे चालतात आणि सायकलीही जातात. तिचा उतार इतका समंजस आहे की सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही ती धड आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, आपल्याला त्याच्याकडे परत यायचे आहे.

आता फेअरफॅक्सच्या बाजूला येऊ. १९७०च्या दशकात इथल्या काही तरण्या पोरांनी १९३०-४० सालच्या जुन्या, जाड टायरांच्या, वजनदार सायकली भंगारातून उचलल्या आणि डोंगरावरून उतरायला सुरुवात केली. गावाच्या डोक्यावरून एक रुंद कच्चा रस्ता खाली येतो. वणवा लागला तर बंब नेता यावा म्हणून काढलेला. अशा रस्त्यांना तिथे फायर रोड म्हणतात. दोन मैलांच्या आत तो १,३०० फूट उतरतो. २१ ऑक्टोबर १९७६ या दिवशी त्यावर पहिली शर्यत झाली. त्या सायकलींना ब्रेक एकच, मागच्या चाकाच्या तुंब्यात. पेडल उलटे दाबले की चाक अडते. एवढ्या उतारावर तो तुंबा इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे. प्रत्येक उतरणीनंतर तुंबा उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. इंग्रजीत याला ‘रिपॅक’ करणे म्हणतात, म्हणून त्या उतारालाच ‘रिपॅक’ नाव पडले. तिथला विक्रम आहे ४ मिनिटे २२ सेकंदांचा, गॅरी फिशर यांच्या नावावर.

भंगारातल्या सायकली मोडू लागल्या, तेव्हा जो ब्रीझ या त्यांच्याच टोळीतल्या कारागिराने १९७७ मध्ये खास या कामासाठी नवा सांगाडा घडवला. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी ‘माउंटनबाइक्स’ नावाने धंदा सुरू केला, सांगाडे टॉम रिची या तरुणाने बनवलेले. १९८१ मध्ये ‘स्पेशलाइज्ड’ कंपनीने जपानमध्ये तयार करवून घेतलेली ‘स्टम्पजंपर’ बाजारात आली आणि ही सायकल कारखान्यातून हजारोंनी निघू लागली. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ती स्पर्धेत दाखल झाली. पोरांच्या खोडीपासून ऑलिंपिकपर्यंत वीस वर्षे. आज पुण्या-नाशिकच्या दुकानात आडव्या दांड्याची, जाड टायरची जी सायकल दिसते तिचे मूळ या फेअरफॅक्सच्या उतारात आहे.

आणि ज्या गावात ती जन्मली, तिथल्याच डोंगरावर तिला बहुतेक पायवाटा बंद! याचे कारण पाणी.

टॅमच्या उतारावर पाच धरणे आहेत. मरीन जिल्ह्यातल्या सुमारे १ लाख ९० हजार लोकांना मिळणाऱ्या पाण्याचा मोठा भाग तिथून येतो. धरणांभोवतीची एकवीस हजार एकरांहून अधिक जमीन १९१२ साली स्थापन झालेल्या पाणीपुरवठा मंडळाच्या मालकीची आहे. जंगल राखले ते मुळात पिण्याच्या पाण्यासाठी. फिरायला येणाऱ्यांना मुभा आहे, पण ती पाहुण्यांसारखी. १९८०च्या दशकात सायकली वाढल्या, तशा तक्रारीही वाढल्या. घोडेस्वार म्हणाले, घोडे बुजतात. चालणारे म्हणाले, वळणावर जीव मुठीत धरावा लागतो. वनस्पतींचे अभ्यासक म्हणाले, माती उकरली जाते. नियम असा झाला की सायकल रुंद फायर रोडवर चालेल, चिंचोळ्या पायवाटेवर नाही. रस्त्यावरही वेग ताशी १५ मैल, आणि आंधळ्या वळणावर ताशी ५ मैल. रखवालदार हातात रडारची बंदूक घेऊन झाडाआड उभे राहत, हे ऐकून मला आपल्या महामार्गावरचे वाहतूक पोलीस आठवले. या बंद्यांना उत्तर म्हणून कॅलिफोर्नियातल्या सायकल क्लबांनी एकत्र येऊन १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटना काढली. तिने भांडणाबरोबर एक चांगले काम केले. वाट कशी बांधावी याचे शास्त्र तिने गोळा केले आणि लोकांना शिकवले.

आमच्या घरातली तिढ्याची गोष्ट वेगळीच होती. नात बारा वर्षांची. तिला वाढदिवसाला सायकल घेतली होती, आणि जावई तिला डोंगरावर नेणार होते. प्रश्न कुठल्या वाटेने, हा होता. फायर रोड कायदेशीर, पण काही ठिकाणी इतका उभा आणि खडबडीत की मोठा माणूसही घसरावा. त्याउलट बंद असलेली एक चिंचोळी वाट, झाडीतून हलक्या उताराने जाणारी, लहान मुलीला सोपी. जावई पहाटे कधीमधी त्या वाटेने जात, हे मला त्या रात्री कळले. मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही यात पडू नका.” मी अर्थातच पडलो. म्हणालो, “अहो, पोरीला सायकल शिकवताय की नियम मोडायला?”

जावई शांतपणे म्हणाले, “बाबा, तुम्ही मातीतले माणूस. एकदा दोन्ही वाटा स्वतः बघा आणि मग सांगा, माती कुठली वाहते ती.”

मी चालत जाऊन बघितल्या. सोबत नात. आमच्या खात्यात उतार मोजायला एक अगदी साधे साधन वापरतात, ए-फ्रेम. इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखी तीन काठ्यांची चौकट, वरच्या टोकाला दोरीने बांधलेला दगड म्हणजे ओळंबा. दोन्ही पाय एका पातळीत असले की दोरी आडव्या काठीच्या बरोबर मध्यावर येते. बागकामाच्या दुकानातून बांबू आणून आम्ही ती परसात केली. दोन पायांत अंतर ठेवले ५ फूट. उतारावर चौकट ठेवायची आणि खालच्या पायाखाली लाकडाचे ठोकळे सरकवत जायचे. ओळंबा मध्यावर आला आणि ठोकळ्यांची उंची ६ इंच भरली, की उतार १० टक्के. नातीला हा खेळ इतका आवडला की डोंगरावर भेटणाऱ्या प्रत्येकाला ती समजावून सांगू लागली.

दोन दिवसांपूर्वी चांगला पाऊस झाला होता. तिथे पावसाळा आपल्या उलट, नोव्हेंबर ते मार्च. उन्हाळा कोरडा ठणठणीत. फायर रोडवर आम्ही मोजायला लागलो, तर ठोकळे पुरेनात. रस्ता धारेवरून सरळ खाली, पाणी ज्या दिशेने वाहायचे त्याच दिशेने. मधोमध गुडघाभर खोल घळ. कडेला वाहून आलेल्या खड्यांचे ढीग. चाकांच्या खुणा होत्या, बुटांच्या होत्या, रखवालदारांच्या मोटारीच्याही होत्या, पण ती घळ यातल्या कोणीही पाडलेली नव्हती. अशा घळी बघण्यातच माझी हयात गेली. ती पाण्याने पाडली होती. रस्ता काढणाऱ्याने पाण्याला आयता पाट करून दिला होता.

पुस्तकात आम्ही शिकलो ते असे. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर माती उकरण्याची ताकद चौपट होते, माती वाहून नेण्याची ताकद ३२ पट होते, आणि जेवढा मोठा दगड ते ढकलू शकते त्याचे वजन ६४ पट होते. चौपट, बत्तीसपट, चौसष्टपट हा पाढा मी कित्येक प्रशिक्षणांत म्हणून घेतला आहे. म्हणून पाण्याशी भांडण त्याच्या वेगाशी करायचे, आणि तेही वेग वाढायच्या आधी.

मग आम्ही ती बंद वाट पाहिली. अर्थात चालत. चालायला ती खुलीच आहे. दीड-दोन हात रुंद, डोंगराच्या पोटातून आडवी जाणारी. चौकट लावली. कुठे ५ टक्के, कुठे ७. घळ नाही. एका ठिकाणी मात्र, जिथे कोणीतरी वळण टाळून सरळ खाली उतरायची चोरवाट पाडली होती, तिथे माती उघडी पडून नाळीसारखी झाली होती. त्यात टायरची खूण होती, आणि बुटांच्याही होत्या.

म्हणजे जावई बरोबर होते? अर्धे. बाकीचे अर्धे मला पुढच्या महिन्यात कळले, कुदळ हातात घेतल्यावर.

तिथे वाटा दुरुस्त करायला स्वयंसेवक बोलावतात. जावयांचे सायकल मित्र होते, दोन-तीन पेन्शनर होते, एक घोडे पाळणाऱ्या बाईही होत्या. भांडणातले तिन्ही पक्ष एका ओळीत वाकून माती ओढत होते. हत्यारे दोन. एकाला मॅक्लाउड म्हणतात, एका बाजूने रुंद फावडे, दुसऱ्या बाजूने दाताळे. दुसरे पुलास्की, एका बाजूने कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूने कुदळ. १९१० साली आयडाहोतल्या प्रचंड वणव्यात आपली माणसे वाचवणाऱ्या एड पुलास्की या वनरक्षकाचे नाव त्याला मिळाले. हे हत्यार आपल्याकडच्या वन कर्मचाऱ्यांना मिळाले तर फार उपयोगी पडेल, हे जाता जाता सांगून ठेवतो.

काम शिकवणाऱ्याने पहिल्या दहा मिनिटांत जे सांगितले, ते मी माझ्या भाषेत सांगतो. डोंगराच्या उतारावर पाण्याची एक धाव असते. चेंडू सोडला तर तो ज्या दिशेने जाईल ती. वाट त्या दिशेने कधी काढायची नाही, आडवी काढायची. पण नुसती आडवी पुरत नाही. डोंगराचा आडवा उतार जितका, त्याच्या निम्म्याहून वाटेचा चढ कमी हवा. म्हणजे डोंगर ३० टक्क्यांचा असेल तर वाट १५ टक्क्यांच्या आत. निम्म्याहून जास्त झाली की पाण्याला वाट ओलांडून जाण्यापेक्षा वाटेवरूनच धावणे सोपे पडते, मग ते धावते. शिवाय डोंगर कितीही उभा असो, सरासरी चढ १० टक्क्यांच्या आसपासच राखायचा. आता तुम्हाला ती जुनी आगगाडीची वाट आठवेल. तिच्या बांधणाऱ्यांनी इंजिनासाठी जो सौम्य उतार ठेवला, तोच मातीलाही मानवला.

तिसरी गोष्ट मला मोठी मजेची वाटली. आपल्या घाटरस्त्यांचा कल आतल्या बाजूला, डोंगराकडे असतो. पाणी आतल्या गटारात जाते आणि मोरीतून पलीकडे निघते. पायवाटेला गटार नाही, मोरी नाही. म्हणून तिचा कल बाहेर, दरीच्या बाजूला ठेवतात, अगदी थोडा, ५ टक्के. वरून आलेले पाणी पातळ थराने वाट ओलांडते आणि खालच्या गवतात जाते. त्यातूनही थोडे पाणी वाटेवर साचत पुढे जाते, त्यासाठी दर काही पावलांवर वाट किंचित चढवतात आणि पुन्हा उतरवतात. तो खोलगट भाग आला की पाणी बाहेर पडते. चालणाऱ्याला जाणवतही नाही. सायकलवाल्याला मात्र फार आवडतो, लाटेवर गेल्यासारखे वाटते म्हणे.

पूर्वी याऐवजी वाटेवर आडवे ओंडके टाकत. आपल्याकडेही गडांच्या वाटांवर दगडांच्या आडव्या ओळी टाकतात. त्यांचे काय होते? दोन पावसाळ्यांत मागे गाळ भरतो, मग पाणी ओंडक्याच्या कडेने वळसा घेते. माणसेही वळसा घेतात आणि वाट रुंद होत जाते. त्या दिवशी आम्ही असे चार ओंडके उपटले आणि त्यांच्या जागी खोलगट वळसे घातले.

मला जरा चमत्कारिक वाटत होते. आमच्या खात्याची शिकवण अशी की धावत्या पाण्याला चालायला लावा, चालत्याला थांबवा, थांबलेले जिरवा. सलग समपातळी चर खणायचा तो पाणी अडवायलाच. आणि इथे मी पाणी वाटेवरून हुसकावत होतो! थोड्या वेळाने उलगडा झाला. चरात पाणी अडवायचे असते, वाटेवर ते गोळा होऊ द्यायचे नसते. दोन्हींचा हेतू एकच, पाण्याचा लोंढा होऊ नये. दहा ठिकाणी थोडे थोडे सोडले की जंगलाची जमीनच ते पिऊन टाकते.

दुपारी डबा खाताना मी माझी मुख्य शंका विचारली. चाक जास्त माती उकरते की पाऊल? मोंटानातल्या डोंगरवाटांवर विल्सन आणि सेनी या दोघा संशोधकांनी हा प्रयोग केलेला आहे. १९९४ मध्ये तो छापून आला. माणसे, घोडे, मोटारसायकली आणि सायकली वाटेवरून नेल्या, मग कृत्रिम पाऊस पाडून मोकळी झालेली माती मोजली. घोड्यांनी आणि चालणाऱ्यांनी चाकांपेक्षा जास्त माती मोकळी केली, विशेषतः वाट आधीच ओली असताना. टाच आणि खूर माती खाली दाबतात आणि उपटतात, चाक तिच्यावरून लोळत जाते. माझ्या तावातावाला हे उत्तर पुरेसे होते.

पण इथे सायकलवाल्यांनीही फार खूश होऊ नये. मी ते जावयांना तिथेच ऐकवले. एक तर चालणारा सकाळी चार मैल जातो, सायकलवाला पंधरा. दुसरे, पावलांचे ठसे सुटे सुटे असतात, टायरची रेघ सलग असते. चिखलात ती रेघ म्हणजे बारीकसा पाटच, पुढचा पाऊस तिच्यातूनच वाहणार. तिसरे, चाक लोळते तोवर ठीक, पण उतारावर मागचा ब्रेक करकचून दाबला की ते लोळत नाही, खरवडते. आणि चौथे, ज्या हौशी लोकांना असलेल्या वाटा पुरत नाहीत ते रात्री-अपरात्री नव्या पाडतात, थेट उतारावर, कारण मजा तिथेच. त्या वाटांना ना निम्म्याचा नियम ना बाहेरचा कल.

ही माती जाते कुठे? काही धरणात. काही लगुनितास नावाच्या ओढ्यात. त्या ओढ्यात हिवाळ्यात समुद्रातून कोहो जातीचे सॅमन मासे अंडी घालायला येतात. मध्य कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर या माशांची संख्या फार घटली आहे, आणि जे उरले त्यातले पुष्कळ इथे येतात. मादी शेपटीने गोट्यांत खळगा करते आणि त्यात अंडी पुरते. गोट्यांच्या फटींतून ताजे पाणी खेळत राहिले तरच अंड्यांना प्राणवायू मिळतो. वरून आलेल्या बारीक गाळाने त्या फटी बुजल्या की अंडी जागच्या जागी गुदमरतात. माण तालुक्यात मी माती वाहून गेलेली पाहिली ती शेतकऱ्याच्या नुकसानीच्या हिशोबात. माशाच्या अंड्याच्या बाजूने तिच्याकडे पहिल्यांदाच पाहिले.

२०२४ मध्ये पाणीपुरवठा मंडळाने काही निवडक चिंचोळ्या वाटा चाचणी म्हणून सायकलींना खुल्या करायचे ठरवले. निसर्गरक्षणाचे काम करणाऱ्या संस्था त्याविरुद्ध कोर्टात गेल्या. आमच्या घरातही जेवणाच्या टेबलावर तेच कोर्ट भरत असे. माझे मत विचाराल तर चांगली बांधलेली चिंचोळी वाट सायकलला द्यायला मातीच्या दृष्टीने हरकत नाही, उभ्या घळीत पडलेल्या रुंद रस्त्यापेक्षा ती केव्हाही बरी. पण प्रश्न नुसता मातीचा नाही. वळणावर आमची ही पडली तेव्हा माती वाहिली नव्हती, विश्वास वाहून गेला होता. सायकलवाल्याने चालणाऱ्याला आणि घोड्याला वाट द्यायची, हा नियम तिथे पाटीवर त्रिकोणात काढलेला असतो. ‘वेग कमी करा आणि नमस्कार म्हणा’ अशा अर्थाची मोहीमही चालते. साधी घंटी लावली तरी निम्मे भांडण मिटेल. आम्ही लहानपणी घंटी नसलेली सायकल रस्त्यावर काढत नसू, आणि या हजारो डॉलरच्या सायकलींना ती नसते!

बंदी आहे तोवर मात्र ती पाळायची, यावर मी ठाम राहिलो. फेअरफॅक्सजवळ स्काउट मुलांच्या छावणीची खाजगी जमीन आहे, तमारँचो. पास काढला की तिथल्या चिंचोळ्या वाटांवर सायकल नेता येते, तेही उजळ माथ्याने. नातीची पहिली डोंगरस्वारी तिथे झाली. ती एकदा पडली, दोनदा उतरून चालली. तिच्या सायकलला पितळी घंटी होती. आजीने घेऊन दिलेली.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी रात्री अवेळी मोठा पाऊस झाला. शनिवारी सकाळी जावई शिरस्त्राण घालून, बाटल्या भरून गॅरेजमध्ये उभे. बाहेर लख्ख ऊन. नातीने अंगणातल्या मातीचा गोळा करून पाहिला, तो फुटला नाही. तिने तो तसाच नेऊन बापाच्या हातात ठेवला. जावयांनी माझ्याकडे पाहिले. मी वर्तमानपत्र वाचत होतो. “सोमवारपर्यंत वाळेल,” ते म्हणाले, आणि सायकल पुन्हा खुंटीला टांगून आम्हाला चहा करायला आत गेले.